पाठीवरची शिबं: रंगच जातो की त्या जागची कातडीही बदलते?

माई_खानापूर (२ जुलै, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. मुलगा १७ वर्षांचा, बारावीला आहे. पहाटे तालमीत जातो, पुढं लष्करात भरती व्हायचं मनात आहे. मागच्या पावसाळ्यात त्याच्या पाठीवर आणि छातीवर फिकट ठिपके उठले. आधी मसुरीएवढे होते, मग एकमेकांत मिसळून खांद्यावर मोठे चट्टे झाले. डॉक्टरांनी बघताक्षणी शिबं म्हणून सांगितलं, मलम दिलं. खाज थांबली, पण डाग तसेच राहिले. आता पाऊस लागला आणि नवीन ठिपके दिसायला लागलेत.

मला विचारायचं ते जरा वेगळं आहे. रविवारी पाठ चोळून देताना हाताला कळतं, डागावर खरखरीत लागतं आणि नखानं जरा ओढलं की पिठासारखा कोंडा सुटतो. बोटभर बाजूला मात्र कातडी मऊ, तेलकट. साबण लागला की डागांवर चरचरतं असं तो म्हणतो. म्हणजे त्या जागची कातडीच वेगळी होते का? की नुसता रंग जातो आणि बाकी माझ्या मनाचे खेळ?

सासूबाई रोज रात्री खोबरेल चोळतात, ते बरं की वाईट? आणि वस्तादांनी बरा होईस्तोवर मातीत उतरू नको म्हणून सांगितलंय. पोरगं दोन दिवस धड जेवलेलं नाही. जाणकारांनी सांगा.

निपाणीकर (२ जुलै, रात्री १०:०२)

आमच्या घरात तिघांना आहेत. दर पावसाळ्यात येतात, दिवाळीनंतर फिकी होतात. घाबरू नका माई.

अथणीचा_अण्णा (२ जुलै, रात्री १०:१५)

आमच्याकडं कन्नडमध्ये चिब्बु म्हणतात. शेजारीण चिब्बु म्हणते, आई शिबं म्हणते, आणि दोघी एकमेकींना उपाय सांगत बसतात. पण आमच्या कोरड्या भागात खानापूरएवढा त्रास बघितलेला नाही. तुमच्याकडं जून ते सप्टेंबर ऊन दिसत नाही ओ.

कडोली_शेतकरी (३ जुलै, सकाळी ६:३०)

टाकळ्याचा पाला वाटून लावा. पावसाळ्यात बांधाबांधावर उगवतो. आमच्या आजोबांपासून हेच चालत आलंय. आठ दिवसांत साफ. डॉक्टरची गरज नाही.

लॅबवाली_ताई (३ जुलै, दुपारी १:२०)

काका, टाकळा आमच्याही घरी लावायचे, पण तो नायट्याला. संस्कृतात त्याला दद्रुघ्न म्हणतात, म्हणजे गजकर्ण घालवणारा. शिबं आणि नायटा हे दोन वेगळे आजार आहेत. नायटा कडेनं लाल, गोल, पसरत जाणारा आणि एकाचा दुसऱ्याला लागणारा. शिबं लागत नाहीत.

माई, मी बेळगावात प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळं ही कातडी रोज बघते. डाग बोथट पात्यानं हलकेच खरवडायचा, पडलेला कोंडा काचपट्टीवर घ्यायचा, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा. त्यात कातडीच्या पेशी विरघळून पारदर्शक होतात आणि बुरशी तेवढी उरते. सूक्ष्मदर्शकात आखूड, वाकडे तंतू दिसतात आणि त्यांच्या मधे मधे गोल दाण्यांचे घोस. परदेशी पुस्तकांत याला स्पॅगेटी आणि मीटबॉल म्हणतात. मी शिकायला येणाऱ्या मुलींना शेवया आणि साबुदाणा सांगते, एकदा सांगितलं की कोणी विसरत नाही.

या बुरशीचं नाव मॅलॅसेझिया. लुई-शार्ल मालासे या फ्रेंच संशोधकाच्या नावावरून पडलं, त्यांनी १८७४ मध्ये तिचं वर्णन केलं होतं. ही बाहेरून आलेली नाही. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या अंगावर ती एरवीही असते, गोल दाण्याच्या रूपात, काही त्रास न देता. घाम, दमट हवा, तेलकट कातडी असं जुळून आलं की दाण्यांचे तंतू होतात आणि ते कातडीच्या अगदी वरच्या मेलेल्या थरात शिरतात. तेव्हा शिबं दिसायला लागतात.

आता सासूबाईंच्या खोबरेलाचं. या बुरशीला स्वतःची स्निग्धाम्लं, म्हणजे तेला-चरबीतली आम्लं, तयार करता येत नाहीत, ती आयती लागतात. प्रयोगशाळेत तिला वाढवायची तर नुसत्या नेहमीच्या माध्यमावर ती धरत नाही, वर ऑलिव्ह तेलाचा पातळ थर द्यावा लागतो. पोराच्या पाठीवर रोज रात्री तेल चोळणं म्हणजे आम्ही लॅबमध्ये तिच्यासाठी जे करतो तेच घरी करणं. कृपा करून थांबवा.

कडोली_शेतकरी (३ जुलै, संध्याकाळी ७:०५)

ताई, माझ्या पाठीवर होतं ते नायटा की शिबं ते मला काय ठाऊक. पाला लावला आणि गेलं एवढं खरं.

शहापूरचे_वैद्य (३ जुलै, रात्री ८:४५)

काकांचा अनुभव खोटा नाही, पण निदान आधी हवं हे ताईंचं म्हणणं योग्य आहे. आयुर्वेदात याला सिध्म म्हणतात, आपला शिब हा शब्द त्याच्याशी जुळतो. चरकाचं वर्णन बघण्यासारखं आहे. पांढरट किंवा तांबूस, पातळ, घासलं की धुळीसारखं झडणारं, दुध्या भोपळ्याच्या फुलाच्या रंगाचं आणि बहुतेक छातीवर येणारं. माईंनी नखानं ओढल्यावर कोंडा सुटतो असं लिहिलंय ना, ते वाचून मला हेच आठवलं. चरकानं सिध्माला महाकुष्ठांत धरलं, सुश्रुतानं क्षुद्रकुष्ठांत. सुश्रुताचं वर्गीकरण मला जास्त पटतं, कारण हा आजार वरच्या थरापुरताच राहतो. कुष्ठ या शब्दानं घाबरू नका, त्या काळी त्वचेच्या सगळ्याच विकारांना तो शब्द होता.

अनगोळकर (३ जुलै, रात्री ९:१०)

वस्तादांचा विषय निघाला म्हणून. आमच्या तालमीत लाल मातीत ताक, हळद, लिंबू, कापूर आणि तेल घालून ती मळायचो. दर आठवड्याला नवी पोरं फावड्यानं खणून वरखाली करायची. त्या मातीचा वास अजून नाकात आहे. या मातीनं कातडीचे आजार बरे होतात असं आमचे वस्ताद म्हणायचे.

निपाणीकर (३ जुलै, रात्री ९:२५)

आमच्याकडं ताक जास्त, तेल कमी. तेल जास्त झालं की माती हाताला चिकटते आणि पकड सुटते.

अनगोळकर (३ जुलै, रात्री ९:३१)

निपाणीच्या पैलवानांची पकड सुटायची ती ताकामुळं. 🙂 पण खरं सांगतो, तुमच्याकडच्या एका पोरानं मला एकदा ढाकेवर असं उचललं होतं की अजून आठवतं.

लॅबवाली_ताई (३ जुलै, रात्री ९:५०)

माती राहू दे बाजूला. माई, तुमचे वस्ताद सावध आहेत ते चांगलंच आहे. पैलवानांत नायटा अंगाला अंग लागून झपाट्यानं पसरतो, म्हणून डाग दिसला की पोराला बाहेर काढणं बरोबर. पण हा डाग त्यातला नाही. डॉक्टरांकडून तसं एका कागदावर लिहून घ्या आणि त्यांना दाखवा. जाणता माणूस ऐकेल.

येळ्ळूरची_लेक (४ जुलै, दुपारी ३:१५)

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते.

मी २२ वर्षांची असताना बघायला आलेल्या मंडळींतल्या एका बाईंनी माझ्या मानेवरचा फिकट डाग बघितला. ब्लाउज गळाबंद शिवून घेतला होता, तरी चहाचा ट्रे ठेवताना पदर सरकला. काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी निरोप आला, मुलीला कोड आहे, आम्हाला जमणार नाही. ती बातमी गावात आमच्या आधी पोचली होती.

बाबा मला त्वचेच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. त्यांनी खोलीतले दिवे घालवले आणि जांभळट उजेडाचा एक दिवा मानेजवळ धरला. डाग फिकट पिवळसर दिसला. डॉक्टर म्हणाले, कोड असतं तर खडूसारखं निळसर पांढरं लखलखलं असतं. शिबं प्रत्येकाची चमकतात असं नाही, माझी चमकली. बाबा त्या अंधारात खुर्चीवर बसून रडले. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, आवाजावरून कळलं.

आज माझं लग्न झालंय, दोन मुलं आहेत. पण अजूनही मला राग येतो तो एका गोष्टीचा. कोड असतं तरी काय बिघडलं असतं? तेही कुणाला लागत नाही. माई, तुमच्या मुलाला डाग झाकायला शिकवू नका.

माई_खानापूर (४ जुलै, रात्री ९:००)

ताई, वाचताना डोळे भरले. आमच्याकडंही शेजारच्या बाईंनी कोड हा शब्द काढलाच होता. पोरगा तेव्हापासून उघड्या अंगानं अंगणात येत नाही. आजच त्याला तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं.

चिकोडी_मेडिकल (५ जुलै, सकाळी ११:४०)

औषधांच्या दुकानात २० वर्षं काढली म्हणून एक सांगतो. खाजेचं मलम द्या म्हणून लोक येतात आणि कित्येक दुकानांतून तीन-तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब दिली जाते, त्यात तीव्र स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज गायब, गिऱ्हाईक खूश. बुरशी मात्र आत निवांत वाढते आणि कातडी पातळ होत जाते. माझ्या सख्ख्या भाच्यानं अशी ट्यूब चार महिने लावली. काखेजवळच्या कातडीवर पांढऱ्या रेघा पडल्या त्या आजही आहेत. ट्यूबवर काय काय घटक लिहिलेत ते डॉक्टरांना दाखवल्याशिवाय लावू नका. आणि केटोकोनॅझोलच्या गोळ्या कुणी शिबांसाठी सुचवल्या तर नाही म्हणा. त्यानं यकृताला इजा होऊ शकते, अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१३ मध्येच तसा इशारा दिलाय. तेच औषध शॅम्पूच्या रूपात अंगावर लावलं तर तो धोका नाही.

मोजमाप_बंगळूर (६ जुलै, रात्री ११:३०)

मूळचा मी हलग्याचा, नोकरी बंगळूरला. त्वचेची मोजमापं घेणं हेच माझं काम आहे. सगळ्यांनी औषधाचं लिहिलं, पण माईंचा पहिला प्रश्न तसाच राहिला. कातडी वेगळी होते का? होते. माई, तुमच्या बोटांना जे कळलं तेच आमच्या यंत्रांना कळतं.

कातडीतून घाम नसतानाही थोडं पाणी सतत वाफ होऊन जात असतं. ते आम्ही मोजतो, एका चौरस मीटरमधून तासाला किती ग्रॅम ते. धडधाकट माणसाच्या हातावर हा आकडा साधारण ५ ते १० असतो. मोजायच्या आधी माणसाला १५-२० मिनिटं थंड, ठराविक दमटपणाच्या खोलीत उघड्या अंगानं नुसतं बसवावं लागतं. तो आत्ताच जिना चढून आलेला असला तर सगळा हिशेब चुकतो. मग पेनाएवढी नळी कातडीवर अलगद टेकवायची आणि आकडा स्थिर व्हायची वाट बघायची.

शिबांच्या डागावर ही नळी टेकवली की पाणी बाजूच्या कातडीपेक्षा जास्त जाताना दिसतं. दुसऱ्या यंत्रानं वरच्या थरातला ओलावा मोजला तर तो कमी भरतो. कारण सरळ आहे. वरचा थर म्हणजे विटांची भिंत धरा, पेशी या विटा आणि मधली चरबी हा गिलावा. बुरशीचे तंतू याच भिंतीत शिरतात, आणि तिच्याकडं चरबी फोडणारे पाचकरस असतात. भिंत ढिली झाली की आतलं पाणी बाहेर जातं आणि बाहेरचा साबण आत शिरतो. तुमच्या मुलाला डागांवरच चरचरतं ते त्यामुळं असणार. आपला साधा साबण अल्कधर्मी असतो आणि निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी, सामू ५ च्या आसपास. ढिल्या भिंतीला तो जास्त झोंबतो.

गंमत म्हणजे पाठ एकूण तेलकट आणि डाग तेवढा कोरडा, दोन्ही एकाच वेळी खरं असतं. कातडी तेलकट आहे म्हणजे ओली आहे असं नव्हे. तेल ग्रंथींतून येतं, ओलावा पेशींत टिकावा लागतो. सासूबाईंना डाग कोरडा लागला म्हणून त्यांनी मायेनं तेल लावलं. त्यांचं निरीक्षण बरोबर होतं, उपाय तेवढा उलटा पडला.

आता रंगाचं. ही बुरशी ॲझेलाइक आम्ल तयार करते. कातडीला रंग देणारं मेलॅनिन ज्या एन्झाइमवर अवलंबून असतं, त्याला हे आम्ल अडवतं. त्यामुळं रंग फिका पडतो असं मानतात. काहींना मात्र तपकिरी डाग येतात, एकाच माणसाला दोन्हीही येतात, म्हणून तर या आजाराच्या इंग्रजी नावात व्हर्सिकलर, म्हणजे रंग बदलणारा, असा शब्द आहे. बुरशी मेली तरी रंगाच्या पेशींना कामाला लागायला वेळ लागतो, कित्येक आठवडे, कधी महिनेही. तेवढ्यात उन्हानं बाजूची कातडी काळवंडली तर डाग आणखी उठून दिसतो आणि माणसाला वाटतं औषध फुकट गेलं.

तेव्हा माई, रंगावर जाऊ नका, कोंड्यावर जा. डागावर नख हलकेच ओढा. कोंडा सुटला तर बुरशी अजून आहे. गुळगुळीत लागलं आणि नुसता रंग फिका असला तर बहुतेक काम झालंय, थांबायचं.

शहापूरचे_वैद्य (७ जुलै, सकाळी ७:१५)

विटा आणि गिलावा! हे आता मी माझ्या रुग्णांना सांगणार.

कडोली_शेतकरी (७ जुलै, सकाळी ७:४०)

साहेब, रोपलावणीला दिवसभर पाठ भिजते, वर प्लास्टिकची खोळ, आत घाम. आमच्या गड्यांच्या पाठी बघा तुम्ही, दर दुसऱ्याच्या पाठीवर हे. टाकळ्याचं मी आता जोर देऊन सांगत नाही. पण तुम्ही सांगता तो शॅम्पू कसा वापरायचा ते नीट लिहा, मी गड्यांना आणून देतो.

लॅबवाली_ताई (७ जुलै, दुपारी २:००)

काका, हे वाचून फार बरं वाटलं. साधारण असं सांगतात, तरी एकदा डॉक्टरांना विचारून घ्या:

२ टक्के केटोकोनॅझोलचा शॅम्पू. मानेपासून कंबरेपर्यंत ओल्या अंगावर लावायचा, डाग असोत नसोत, दंडांनाही. ५ मिनिटं ठेवायचा, मग धुवायचा. असं रोज, ५ दिवसांपर्यंत. किंवा अडीच टक्के सेलेनियम सल्फाइड, ते १० मिनिटं आणि ७ दिवस. याला वास येतो, आधीच सांगते. लोक डागापुरतं बोटानं लावतात आणि बाकीची पाठ सोडतात, तिथंच चुकतं. बुरशी जिथं डाग नाही तिथंही असते.

परत परत येणाऱ्यांना डॉक्टर महिन्यातून एकदा तोच शॅम्पू लावायला सांगतात. आणि पावसाळ्यात बनियन अर्धवट ओलं घालू नका. आमच्याकडं कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, म्हणून आई चुलीवरच्या दांडीवर टाकायची. धुराचा वास यायचा, पण कोरडं असायचं.

माजी_हवालदार (८ जुलै, रात्री ८:२०)

माई, मुलाला सांगा की भरती मेडिकलच्या आदल्या आठवड्यात धावाधाव करू नको. रंग भरायला महिने लागतात हे वरती आलंच आहे. उपचार आत्ता, कागदपत्रं जपून. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला आम्ही प्रशिक्षण घेतलं तेव्हा पावसात भिजलेल्या वर्दीत दिवस जायचे. पाठीवर शिबं असलेले माझ्याच बरॅकमध्ये चौघे होते. चौघंही पूर्ण नोकरी करून निवृत्त झाले.

माई_खानापूर (१३ जुलै, रात्री ९:३०)

डॉक्टरांकडं जाऊन आलो. त्यांनीही खरवडून तपासलं, शिबंच. शॅम्पू दिला, तुम्ही सांगितलं तसाच. चिठ्ठी लिहून दिली. वस्तादांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "उद्यापासून ये, पण टॉवेल तुझा तू वापर." पोरानं त्या रात्री पाच भाकऱ्या खाल्ल्या.

सासूबाईंना ऑलिव्ह तेलाची गोष्ट सांगितली. सुरुवातीला रागावल्या, "मी काय लावूलो म्हणून रोग वाढला?" म्हणाल्या. मग मोजमाप भाऊंचं वाचून दाखवलं, की त्यांना डाग कोरडा लागला ते बरोबरच होतं. तेव्हा कुठं शांत झाल्या.

येळ्ळूरची_लेक (१३ जुलै, रात्री ९:४४)

पाच भाकऱ्या! 🙏

माई_खानापूर (२९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१०)

धागा वर काढते आहे, कुणाला उपयोग होईल म्हणून. आज नख ओढून बघितलं, कोंडा नाही. हाताला डाग आणि बाजूची कातडी यांत फरक कळत नाही, डोळे मिटून हात फिरवला तरी. रंग खांद्यावर भरत आलाय, पाठीच्या मध्यावर अजून फिका आहे. साबणानं चरचरत नाही. सकाळी उघड्या अंगानं अंगणात पाणी तापवत बसला होता.

मोजमाप_बंगळूर (२९ नोव्हेंबर, रात्री १०:५०)

मस्त! मधला भागही भरेल, वेळ द्या. महिन्याचा शॅम्पू चालू आहे ना?

माई_खानापूर (३० नोव्हेंबर, सकाळी ७:०५)

हो. कॅलेंडरवर दर महिन्याच्या १ तारखेला लाल पेनानं खूण आहे. सासूबाईंनी स्वतः केलीय.